छायाचित्रणाची पदवी आणि क्रिटिकचा तास

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बारावीच्या निकालानंतर आपल्या दैनिकाने काढलेल्या करिअर पुरवणीत छायाचित्रणाच्या पदवी अभ्यासक्रमांना अर्धा स्तंभ मिळाला होता. त्यात शुल्क, प्रवेशाची पद्धत, महाविद्यालयांच्या स्टुडिओत कोणत्या कंपनीचे कॅमेरे आहेत आणि पदवीनंतर कोणती कामे मिळू शकतात, एवढी माहिती होती. पुढच्याच आठवड्यात आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एका वाचकांनी असा प्रश्न उपस्थित केला की, ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा असताना या शिक्षणावर तीन-चार वर्षे आणि काही लाख रुपये कशासाठी खर्च करायचे? मी पुण्यातील एका महाविद्यालयात याच पदवीच्या अंतिम वर्षाला आहे. प्रश्न रास्त आहे आणि माझ्या आईवडिलांनीही तो विचारला होता. परंतु पुरवणीतील माहिती वाचून कोणत्याही पालकाला त्याचे उत्तर मिळाले नसते, कारण ज्या गोष्टीसाठी ही पदवी घ्यावी तिचा तिथे उल्लेखच नव्हता. आणि माझा अनुभव असा की, महाविद्यालयाच्या वेळापत्रकातूनही तीच गोष्ट दरवर्षी थोडी थोडी बाहेर ढकलली जात आहे. आमच्याकडे तिला क्रिटिक म्हणतात. काढलेली छायाचित्रे भिंतीवर लावायची आणि सगळ्या वर्गाने मिळून ती वाचायची, असे तिचे स्वरूप असते.

त्याआधी तांत्रिक शिक्षणाविषयी लिहिते, कारण पदवी म्हणजे कॅमेरा चालवायला शिकणे अशीच बहुतेकांची समजूत असते. पहिल्या वर्षी आम्ही प्रकाश शिकलो. दिवा दुप्पट अंतरावर नेला की प्रकाश निम्मा नव्हे तर एक चतुर्थांश उरतो; प्रकाशाचा रंग केल्विन या एककात मोजतात, दुपारचे ऊन साधारण 5500 केल्विनचे आणि जुन्या पद्धतीचा हॅलोजन 3200 केल्विनच्या आसपासचा, म्हणून लग्नाच्या मांडवात खिडकीजवळ बसलेल्या करवलीचा एक गाल निळसर आणि दुसरा पिवळा येतो; अशा गोष्टी आम्ही हाताने करून पाहिल्या. सर्वांत जास्त वेळ गेला तो लाइट मीटरवर, म्हणजे प्रकाश मोजणाऱ्या उपकरणावर. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे, म्हणजे सुमारे 18 टक्के प्रकाश परावर्तित करणारे आहे, असे मीटर गृहीत धरतो. आषाढी वारीत पांढरा सदरा, पांढरे धोतर आणि पांढरी टोपी घातलेल्या वारकऱ्यांची दिंडी त्याच्यासमोर आली की, तो त्या पांढऱ्याला करड्याकडे ओढतो आणि टोपीखालचा उन्हाने रापलेला चेहरा पार काळवंडून जातो. कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश एक-दीड स्टॉप वाढवला (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) की कपडे पांढरे दिसतात. चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही हव्या असतील तर आणखी वाढवावे लागते आणि मग कपड्यांच्या चुण्या नाहीशा होतात. यातले काय राखायचे आणि काय सोडायचे, हे मीटर सांगत नाही. रंगीत फिल्मच्या काळात छपाईचे रंग जुळवण्यासाठी कोडॅककडून प्रयोगशाळांना जी नमुना-कार्डे जात, त्यांवर कित्येक वर्षे गोऱ्या स्त्रीचेच छायाचित्र असे आणि ती कार्डे 'शर्ली कार्ड' म्हणून ओळखली जात, हेही याच ओघात कळले. सावळ्या नवरीला पावडर थापून मगच फोटोला बसवण्याच्या आपल्याकडच्या रीतीकडे त्यानंतर मी जरा वेगळ्या नजरेने पाहू लागले.

हे सगळे मनोरंजक असले, तरी त्यासाठी पदवी लागते असे मी म्हणणार नाही. सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझ्या मामांचा फोटो स्टुडिओ आहे. केल्विनचे आकडे त्यांनी कधी पाठ केले नाहीत. पण मांडवात पाऊल टाकताच कोणता दिवा विझवायला सांगायचा, हे त्यांना अचूक कळते. पहिल्या वर्षाचा निम्मा अभ्यासक्रम मी त्यांच्याबरोबर लग्नाच्या ऑर्डरी करताना, फ्लॅशची छत्री आणि ट्रिगर सांभाळता सांभाळता शिकले होते, आणि उरलेला निम्मा आज कोणालाही फुकट उपलब्ध असलेल्या व्हिडिओंवरून काही महिन्यांत शिकता येईल. केवळ एवढ्यासाठी शुल्क भरायचे असेल, तर आपल्या पत्रलेखक वाचकांशी मी सहमत आहे.

थोर छायाचित्रकारांकडे कुठे पदवी होती, असा एक युक्तिवाद नेहमी केला जातो. रघु राय यांचे शिक्षण स्थापत्य अभियांत्रिकीचे. गौतम राजाध्यक्ष रसायनशास्त्राचे विद्यार्थी. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण रघु राय 'स्टेट्समन'मध्ये घडले आणि राजाध्यक्षांच्या उमेदवारीची वर्षे लिंटास या जाहिरात संस्थेत गेली, ही माहिती त्या युक्तिवादात गाळली जाते. वृत्तपत्राचा छायाचित्र विभाग किंवा जाहिरात संस्थेचा कला विभाग ही त्या काळी शाळाच होती. तिथे कॉन्टॅक्ट शीटवर, म्हणजे रोलमधील सगळ्या चौकटी छोट्या आकारात छापलेल्या कागदावर, लाल पेन्सिल फिरवणारा कोणी तरी ज्येष्ठ माणूस असे आणि तो रोज सांगे की, ही चौकट नको, ही का नको, ही हवी तर कुठून कापायची. ती उमेदवारी आता कुठे मिळते? बहुतेक वृत्तपत्रांचे छायाचित्र विभाग आक्रसले आहेत, तालुक्याचा वार्ताहरच मोबाइलवर बातमीचा फोटो काढून पाठवतो, आणि स्वतंत्रपणे काम करणाऱ्या मुलाला त्याच्या छायाचित्रांविषयी ग्राहकाच्या 'मस्त' किंवा 'रिटच करून द्या' यापलीकडे एक अक्षर ऐकायला मिळत नाही. त्या लाल पेन्सिलीची जागा घेऊ शकेल असे ठिकाण आज महाविद्यालयच उरले आहे. शिवाय हे शिक्षण नवे फॅडही नाही. लुई दागेर यांचा छायाचित्रणाच्या पद्धतीचा शोध 1839 मध्ये जाहीर झाला, 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि त्याच दशकात एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग भरत होता. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण ही त्या काळातील मुंबईकर छायाचित्रकारांची नावे आहेत. पुढे वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनीही सर ज. जी. कला शाळेतच शिक्षण घेतले होते.

क्रिटिकमध्ये नेमके काय होते, ते एका उदाहरणाने सांगते. आमच्या वर्गात नियम असा होता की, ज्याची छायाचित्रे भिंतीवर आहेत त्याने सुरुवातीला काहीही बोलायचे नाही आणि इतरांनी आवडले की नाही हे न सांगता फक्त काय दिसते ते सांगायचे. दुसऱ्या वर्षी एका सहाध्यायाने ऊसतोड मजुरांच्या तळावर काढलेली छायाचित्रे लावली. कृष्णधवल, देखणी, बहुतेक सगळी हातांची आणि टाचांची: भेगा, घट्टे, पाचटाने कापलेली कातडी. स्पर्धेत पारितोषिक मिळावे अशी ती होती, आणि त्यांतल्या एकाला तसे ते मिळालेही होते. वर्गात बीड जिल्ह्यातील एक मैत्रीण आहे, जिचे चुलते-चुलती दर हंगामाला कारखान्यावर जातात. तिने एवढेच विचारले की, हे हात कोणाचे आहेत? मग ती बोलत गेली. टोळीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता मोजला जातो. मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली उचल फिटेपर्यंत ती जोडी बांधलेली असते. त्या उचलीचा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. पहाटे अंधारातच कोपीबाहेर, म्हणजे मजुरांच्या झोपडीबाहेर, चूल पेटते, कारण उजाडायच्या आत फडात पोहोचावे लागते. यातले भिंतीवर काहीच नव्हते. वही नव्हती, कोपी नव्हती, जोडी नव्हती, आणि एकाही हाताला माणूस नव्हता. त्याच आठवड्यात आमच्या सरांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर सुधारक ओलवे यांनी दीर्घकाळ केलेले काम दाखवले. त्यातही घाण आहे, जखमा आहेत, तरीही पाहणाऱ्याला प्रथम माणसेच भेटतात. ओलवे यांना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली, हे आम्हाला ठाऊक होते. छायाचित्रे मात्र आमच्यापैकी फार थोड्यांनी नीट पाहिलेली होती. सहाध्यायी चिडला. काही दिवस तो त्या मैत्रिणीशी बोलतही नव्हता. पण तो पुन्हा त्या तळावर गेला आणि या वेळी परतला तो माणसांची नावे आणि वहीच्या पानांची छायाचित्रे घेऊन. ही सुधारणा कोणत्याही महागड्या लेन्सने झाली नसती आणि एकट्याने व्हिडिओ पाहूनही झाली नसती, कारण त्या तळाविषयी जाणणारी व्यक्ती त्याच खोलीत बसलेली असणे त्यासाठी आवश्यक होते.

माझ्या स्वतःच्या प्रकल्पाबाबतही तसेच घडले. तालुक्याच्या गावांतले बंद पडत चाललेले फोटो स्टुडिओ हा मी निवडलेला विषय. मामांच्या ओळखीमुळे दारे उघडली, तरी आधी काही जणांना मी कराची माहिती काढायला आले आहे असेच वाटले. या स्टुडिओंत अजूनही रंगवलेले पडदे गुंडाळून ठेवलेले आहेत. एकावर ताजमहाल, एकावर कारंज्याची बाग, एकावर कुठेच न जाणारा संगमरवरी जिना. निगेटिव्हवर पेन्सिलने देवीचे व्रण बुजवणारे हात आता थरथरतात, पण ती पेन्सिल टोक करून ठेवलेली असते. उटीला 1960 मध्ये स्थापन झालेल्या सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या 'इंदू' छापाची खोकी कपाटांत सापडतात आणि त्यांत आता बटणे, पावत्या, देवाचा कापूर असतो. निगेटिव्ह मात्र फार थोड्या ठिकाणी उरल्या आहेत. वापरलेल्या हायपोतून, म्हणजे फिल्म धुण्याच्या रसायनातून, चांदी काढणारे लोक पूर्वी गावोगाव फिरत, त्यांनी जुन्या निगेटिव्हही किलोच्या भावाने नेल्याचे अनेकांनी सांगितले. एका तालुक्याच्या तीन पिढ्यांचे चेहरे असे वितळून गेले, आणि त्यानंतरच्या पिढीचे चेहरे ज्या हार्ड डिस्कवर होते त्या डिस्क आता सुरूच होत नाहीत.

एका स्टुडिओमालकांनी मला निगेटिव्हचा पत्र्याचा डबा विश्वासाने दिला. त्यातील निवडक व्यक्तिचित्रे मोठी करून लावायची, असे मी ठरवले होते. क्रिटिकमध्ये सगळ्यांना ती आवडली आणि मग मॅडमनी विचारले की, ही लावण्याचा अधिकार तुला कोणी दिला? मी डबा देणाऱ्या काकांचे नाव सांगितले. त्यावर 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे 17 वे कलम आम्ही वर्गात वाचले. एखाद्याने मोबदला देऊन स्वतःच्या सांगण्यावरून छायाचित्र काढून घेतले असेल आणि वेगळा करार झालेला नसेल, तर त्या छायाचित्राच्या कॉपीराइटचा पहिला मालक ते काढून घेणारा ग्राहक असतो, छायाचित्रकार नव्हे. वर्षानुवर्षे लग्नाचे अल्बम करणाऱ्या मामांना मी हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले, कारण शोकेसमध्ये त्यांनी लावलेल्या नवरानवरींपैकी कोणाचीही त्यांनी परवानगी घेतलेली नव्हती. म्हणून मग निगेटिव्हच्या पाकिटांवरची नावे घेऊन घरोघर हिंडणे आले. बऱ्याच जणांनी आनंदाने होकार दिला, काहींना आपल्या आजोबांचा चेहरा प्रथमच पाहायला मिळाला. एका आजींनी स्पष्ट नकार दिला. तो फोटो ज्या स्थळाला दाखवण्यासाठी काढला होता ते स्थळ जमलेच नव्हते, आणि तो विषय घरात पुन्हा निघावा अशी त्यांची इच्छा नव्हती. ते छायाचित्र त्या डब्यातील सर्वांत सुंदर आहे, असे माझे मत आहे. प्रदर्शनात ते नाही.

आता तक्रारीकडे येते, आणि ती एकाच महाविद्यालयाची नसल्यामुळे नाव घेत नाही. इतर शहरांतील मित्रमैत्रिणीही हेच सांगतात. आम्ही प्रवेश घेतला तेव्हा क्रिटिकसाठी संपूर्ण दिवस राखलेला असे. पुढे तुकडी वाढली, शिक्षक तेवढेच राहिले, त्यांपैकी काही तासिका तत्त्वावरचे असल्याने त्यांना तासाबाहेर थांबण्याचे मानधन नाही, आणि पाहता पाहता प्रत्येकाच्या वाट्याला काही मिनिटे उरली. नव्या शैक्षणिक धोरणाच्या चौकटीत तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 आणि चार वर्षांच्या पदवीला 160 श्रेयांक लागतात. व्याख्यानाच्या एका श्रेयांकाला सत्राला साधारण 15 तास आणि प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला 30 तास धरले जातात. आमच्या अभ्यासक्रमात या हिशेबात स्टुडिओतील प्रकाशयोजना बसते, सॉफ्टवेअर बसते, उद्योजकतेचा विषयही बसतो. क्रिटिकला मात्र स्वतःचा एकही श्रेयांक नाही. ते कुठल्या तरी प्रात्यक्षिकाच्या पोटात उरकायचे असते. परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक ठरलेल्या आकाराचे ठरलेल्या संख्येचे प्रिंट आहेत का, ते मोजतात, जर्नलवर सही करतात आणि दुपारच्या गाडीने परत जातात. ज्याने घरोघर हिंडून परवानग्या मिळवल्या आणि ज्याने रविवारी एका दुपारी सगळे उरकले, त्या दोघांच्या गुणांत फरक पडावा अशी सोयच गुणपत्रिकेत नाही.

याच काळात स्टुडिओत नवे कॅमेरे आले, नवे फ्लॅश आले आणि माहितीपुस्तकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे छायाचित्र आले. साधने नकोत असे नाही. पण माझ्या वर्गातील बहुतेक चांगले काम सेकंडहँड कॅमेऱ्यावर झालेले आहे, आणि जिथे खरोखर पैसा अडतो तो कॅमेरा नसून प्रिंट आहे. चांगल्या कागदावर मोठ्या आकारात छपाई करायची, तर गावाकडून आलेल्या मुलाचे महिन्याचे खानावळीचे पैसे जातात. म्हणून तो पडद्यावरच दाखवतो, आणि पडद्यावर एकामागून एक सरकणाऱ्या चित्रांची ओळ लावून पाहता येत नाही, त्यांची जागा बदलून पाहता येत नाही. एका नव्या कॅमेऱ्याच्या किमतीत वर्गाच्या वर्षभराच्या छपाईची सोय होऊ शकते. संरक्षित वास्तूत तिपाई लावायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, त्यासाठीचे महाविद्यालयाचे पत्र वेळेवर मिळाले, तरी निम्मी अडचण दूर होते. त्याला तर खर्चही येत नाही.

भाषेचा मुद्दाही याच्याशी जोडलेला आहे. आमच्या लेखी परीक्षा इंग्रजीत होतात आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या दिवशी क्रिटिक मराठीत झाले त्या दिवशी एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारी मुले बोलू लागली, आणि बीडच्या मैत्रिणीचे ते म्हणणे मी इंग्रजीत ऐकलेच नसते. संदेश भंडारे यांनी तमाशा कलावंतांवर वर्षानुवर्षे केलेल्या छायाचित्रांविषयी चार पाने मराठी समीक्षा वाचायची म्हटली, तर कुठे शोधायची हे आम्हाला शिक्षकांनाच विचारावे लागले. नाटक, चित्रपट आणि पुस्तके यांचे परीक्षण आपले दैनिक नियमाने छापते. छायाचित्रांच्या प्रदर्शनाची मात्र उद्घाटनाची बातमी येते, आणि तीत पाहुण्यांची नावे छायाचित्रकाराच्या नावाच्या आधी असतात.

म्हणून महोदय, दोन विनंत्या थेट आपल्यालाच आहेत. आपल्या अंकात अनेक छायाचित्रांखाली नुसते 'संग्रहित' असे छापलेले असते. कॉपीराइट कोणाकडेही असला, तरी कृती आपली आहे असे सांगण्याचा कर्त्याचा हक्क त्याच कायद्याच्या 57 व्या कलमाने मान्य केलेला आहे; तेव्हा संग्रहातील छायाचित्र ज्याने काढले त्याचे नाव उपलब्ध असेल तिथे ते छापावे. दुसरी विनंती पुरवणीबाबत. पुढच्या वर्षी छायाचित्रणाच्या पदवीची माहिती देताना प्रत्येक महाविद्यालयाकडून आणखी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: आठवड्यातून किती तास विद्यार्थ्यांचे काम भिंतीवर लावून त्यावर चर्चा होते, त्या वेळी एका शिक्षकामागे किती विद्यार्थी असतात, आणि छपाईचा खर्च कोण करते. कॅमेऱ्यांची यादी महाविद्यालये न विचारताही पाठवतील.

आपली विश्वासू,
छायाचित्रण पदवी अभ्यासक्रमाची अंतिम वर्षाची एक विद्यार्थिनी,
पुणे